सी ॲड९ की सी९? तिसऱ्या तारेवरचा एक सूर

सहावी_तार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापूर्वी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, गिटार हातात घेतली. कोथरूडला आमच्या सोसायटीत कोजागरीला गाण्यांचा कार्यक्रम असतो आणि यंदा मला साथीला बसवलंय. रोज रात्री साडेनऊनंतर क्लबहाऊसमध्ये तालीम चालते. गेल्या गुरुवारी तिथे जे झालं त्यावरून हा धागा काढतोय.

कीबोर्ड वाजवणाऱ्या काकांनी कॉर्ड्स (एकदम वाजवायचे सुरांचे गट) कागदावर लिहून दिल्या होत्या. एका ओळीच्या शेवटी 'सी९' आणि पुढची ओळ 'एफ'वर सुरू. मला सी ॲड९ येते, क्लासमध्ये पहिल्या दोन महिन्यांतच शिकवली होती. म्हटलं दोन्हीत ९ आहे, 'ॲड' लिहायचं राहिलं असेल. तीच वाजवली. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "अरे, तू एफकडे जातच नाहीयेस. कोमल नी कुठंय तुझा?"

मग त्यांनी मला तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या घरात) बोट ठेवायला लावलं. बाकी काही हलवलं नाही. परत वाजवलं आणि एफ आली तेव्हा अंगावर काटा आला. एका बोटाने एवढा फरक!

घरी येऊन वहीत दोन्ही शेप (बोटांच्या मांडण्या) लिहिले. सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत (क्ष म्हणजे ती तार वाजवायची नाही, ० म्हणजे मोकळी):

सी ॲड९ : क्ष ३ २ ० ३ ३
सी९ : क्ष ३ २ ३ ३ ३

क्लासमध्ये मला शेपचा तक्ता मिळाला होता, साठ-सत्तर चौकोन आणि त्यात ठिपके. नावं का तशी आहेत हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता विचारतोय. ७, ९, ११, १३ हे आकडे कुठून येतात? ८ आणि १० का नाहीत? 'मेज' (मेजर) कधी लिहायचं आणि नुसता आकडा कधी? मला सरगम कळते, लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलो होतो.

पांढरी_चार

छान विषय काढलात. पेटी शिकलेले आहात ना, मग अर्धं काम झालेलं आहे. गिटार दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि पेटी उघडा.

पांढरी एक (म्हणजे सी) हा सा धरा. आता एक सूर सोडून एक दाबत चला. सा, मग रे सोडून ग, म सोडून प, ध सोडून नी. इथे सप्तक संपतं. पण नियम तोच ठेवून वर जात राहा. वरचा सा सोडून वरचा रे, ग सोडून वरचा म, प सोडून वरचा ध. यापुढची पायरी नी सोडून अतितार सा, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच. सगळे सात सूर घेऊन झाले, आता नवीन काही उरलं नाही.

आता मोजा. सा एक, ग तीन, प पाच, नी सात. वरचा सा आठ, म्हणून वरचा रे नऊ, वरचा म अकरा आणि वरचा ध तेरा. हेच ते आकडे. आठ आणि दहा का नाहीत? आठ म्हणजे सा आणि दहा म्हणजे ग, ते दोघं आधीच कॉर्डमध्ये बसलेले आहेत. पंधरावर परत सा येतो, म्हणून तेराच्या पुढे नाव जातच नाही.

आपल्याकडे प्रत्येक सप्तकात मोजणी नव्याने सुरू होते, तार सप्तकातला रे हा रेच राहतो. पाश्चात्त्य संगीतात मोजणी पुढे चालू राहते, एवढाच फरक. नेहमीचा 'साग रेम गप मध' हा अलंकार आठवा. त्यात जे अंतर घोटलं तेच अंतर एकावर एक रचलं की कॉर्ड होते.

आणखी एक. आकडा मोठा असला की त्याच्या खालची पायरी गृहीत असते. '९' म्हटलं की ७ आलाच पाहिजे. '१३' म्हटलं की ७ आणि ९ नावातच आले. शिडीवर नवव्या पायरीवर उभं राहायचं तर सातवी चढूनच जावं लागतं. 'ॲड९' म्हणजे मात्र शिडी नाही. साधी सा-ग-प धरा आणि त्यात रे टाका, नी घेऊ नका. तुमची तिसरी तार मोकळी होती तेव्हा ती प वाजवत होती, नी कुठेच नव्हता. म्हणून ती ॲड९. काका बरोबर बोलले.

नवशिकी_औंध

वाचनखूण साठवली. मी पण याच गोंधळात होते, माझ्याकडेही तसाच तक्ता आहे.

सहावी_तार

ताई, दंडवत घ्या. पेटी माळ्यावरून काढली, भाता थोडा गळतोय पण वाजते. सा ग प नी रे असं दाबलं आणि आवाज गोड आला, पण काकांच्या सी९सारखा नाही आला. मग लक्षात आलं की मी पांढरी सात दाबतोय आणि त्यांना काळी पाच हवी होती. म्हणजे शुद्ध नी आणि कोमल नी. नावात तर काहीच लिहिलेलं नाही, मग नुसत्या ९ मध्ये नी कोमलच घ्यायचा हे कुठून आलं?

कॅपो_दुसऱ्यावर

याचं उत्तर मी देतो, कारण याच प्रश्नाने मला कॉलेजात दोन वर्षं छळलं होतं. फिरोदिया करंडकाला आमच्या कॉलेजकडून गिटार वाजवायचो आणि प्रत्येक '७' मी मेजर सेव्हन वाजवायचो.

वर ताईंनी सा पासून शिडी लावली. तीच शिडी त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर प पासून लावून बघा. पांढरी पाच, सात, मग वरची दोन, चार. म्हणजे प नी रे म. आता प ला सा समजा आणि परत मोजा. नी झाला त्याचा शुद्ध ग, रे झाला त्याचा प, आणि म झाला त्याचा कोमल नी! सातही सुरांवरून अशी चार-चार सुरांची शिडी लावली तर शुद्ध ग आणि कोमल नी असं जोडपं फक्त पंचमावरच मिळतं. सा आणि म वरून लावली तर शुद्ध ग, शुद्ध नी. रे, ग आणि ध वरून लावली तर कोमल ग, कोमल नी. नी वरून लावली तर पंचमसुद्धा अर्धा सूर खाली येतो.

पंचमाला पाश्चात्त्य संगीतात डॉमिनंट म्हणतात, आणि पंचमावरची ही कॉर्ड सा वर परत येण्याची ओढ लावते. त्यांच्या संगीतात तिचा इतका वापर झाला की नुसतं '७' म्हटलं की तीच समजायची, असा संकेत पडला. शुद्ध नी हवा असेल तर 'मेज' असं वेगळं लिहायचं.

आता तुमच्या सी९ नंतरच्या एफकडे या. सी हा सा. सी९ मध्ये ग आणि कोमल नी आहेत. एफ म्हणजे म, ध, सां. ग अर्धा सूर चढून म वर जातो आणि कोमल नी अर्धा सूर उतरून ध वर जातो. दोन सूर दोन दिशांनी जवळच्या घरात शिरतात. काटा आला तो याचा. सी ॲड९ मध्ये कोमल नी नाही, म्हणून त्यातलं एकच दार उघडं होतं. काका "जातच नाहीयेस" म्हणाले ते शब्दशः खरं आहे.

आणि नाव वाचताना एवढं लक्षात ठेवा, मला हे फार उशिरा कळलं. 'मायनर' हा शब्द ग बद्दल बोलतो, 'मेज' हा शब्द आकड्याच्या शेजारी आला की नी बद्दल बोलतो. म्हणून 'सी मायनर मेज७' हे नाव ऐकायला उलटसुलट वाटलं तरी साफ आहे. ग कोमल, नी शुद्ध.

सहावी_तार

ग चढतो, नी उतरतो. हे मी आत्ता रात्री बारा वाजता फक्त दोन तारांवर वाजवून पाहिलं. चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट आणि तिसऱ्या तारेवर तिसरा, मग चौथीवर तिसरा आणि तिसरीवर दुसरा. दोनच सूर, पण सी९ ते एफ ऐकू आली. बायको आतून म्हणाली, "आता झालं वाटतं ते गाणं." म्हणजे तिलाही ऐकू आलं!

बेसवाला

दोन तारांवर ऐकू आली ना? बरोबर आहे. कारण कॉर्डची जात ठरते ती तिसऱ्या आणि सातव्या सुरावर. बाकीचे सूर रंग भरतात.

याचा गिटारवाल्यांना रोजचा उपयोग आहे. १३ ची कॉर्ड शिडीप्रमाणे रचली तर सात सूर होतात. तारा सहा, बोटं चार. सगळे सूर वाजवणं शक्यच नाही, आणि वाजवायचेही नसतात. मग काय सोडायचं?

पहिल्यांदा पंचम सोडा. तो शुद्ध असेल तर सा च्या आवाजातच मिसळलेला असतो, गेला तरी कुणाला कळत नाही. नावात पंचम बदललेला असेल, म्हणजे 'फ्लॅट५' (अर्धा सूर खाली) किंवा 'शार्प५' (अर्धा सूर वर), तर मात्र त्याला हात लावू नका. नंतर, बेस वाजवणारा असेल तर सा सुद्धा सोडा. तो माझ्याकडे आहे. ग आणि नी सोडू नका, आणि नावातला शेवटचा आकडा सोडू नका, कारण त्याच्यासाठीच ते नाव लिहिलेलं असतं.

जी१३ बघा : ३ क्ष ३ ४ ५ क्ष. चारच सूर. जी, एफ, बी, ई. म्हणजे सा, कोमल नी, ग आणि ध. पंचम नाही, नऊ नाही, अकरा नाही, तरी कुठल्याही तालमीत हिला जी१३ च म्हणतील. बोटांची ठेवणही फार सोपी आहे. अंगठ्याने सहावी तार आणि तीन बोटांनी बाकीच्या तीन, असं एकदम छेडा.

अजून एक बघा. या शेपमध्ये खाली सूर लांब-लांब आहेत आणि वर जवळ-जवळ. ते तसंच ठेवा. खर्जाच्या तारांवर ग आणि सा जवळ आणले की आवाज गढूळ होतो.

नवशिकी_औंध

मग ६ आणि १३ यात फरक काय? दोन्ही म्हणजे ध च ना?

बेसवाला

हो, दोन्ही ध. सोबत नी असेल तर १३, नसेल तर ६. ॲड९ आणि ९ यांच्यात जे आहे तेच. 'सस' (सस्पेंडेड) मध्ये वेगळी गोष्ट आहे, तिथे ग काढून त्याच्या जागी रे किंवा म बसवतात, म्हणून सस२ आणि सस४. ॲड म्हणजे भर घातली, सस म्हणजे बदली केली.

पांढरी_चार

धागाकर्त्याच्या त्या एका तारेवर परत येते. काल रात्री माझ्या मुलाची गिटार घेऊन बसले होते. मला गिटार येत नाही, पण तुम्ही शेप लिहिलात म्हणून धरून पाहिला आणि तो सोडवेना.

बाकीची बोटं जागेवर ठेवून फक्त तिसरी तार बदलत जा.

तिसरी तार मोकळी : प. सी ॲड९.
दुसरा फ्रेट : ध. सी६/९ (६ आणि ९ दोन्ही, नी नाही).
तिसरा फ्रेट : कोमल नी. सी९.
चौथा फ्रेट : शुद्ध नी. सी मेज९.

सा, ग, रे आणि वरचा प तसेच आहेत, मधला एक सूर प पासून चढत शुद्ध नी पर्यंत गेला आणि चार नावं झाली. दुसऱ्या फ्रेटला बोटं थोडी वेगळी मांडावी लागतात, पहिल्या बोटाने चौथी आणि तिसरी तार एकत्र दाबायची. चौथ्या फ्रेटला माझी करंगळी पोचेना, मुलाची पोचली.

कॅपो_दुसऱ्यावर

ताई, हे फार सुंदर आहे. पंधरा वर्षं हे शेप वाजवतोय, पण असे एका तारेवर ओळीत लावून कधी पाहिले नव्हते.

मग दुसरी तारही घ्या. सी९ धरा आणि पहिली तार सोडून द्या. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला शुद्ध रे आहे, तो ९. तिथून एक फ्रेट खाली या : कोमल रे, सी७ फ्लॅट९. मूळ जागेपासून एक वर जा : सी७ शार्प९, म्हणजे क्ष ३ २ ३ ४ क्ष. ही शेवटची जिमी हेंड्रिक्सने १९६७ साली ई वरून वाजवून इतकी प्रसिद्ध केली की गिटारवाले तिला 'हेंड्रिक्स कॉर्ड'च म्हणतात. ब्लूज आणि जॅझमध्ये ती आधीपासून होती.

ही नीट ऐका. शार्प९ म्हणजे तीव्र केलेला रे, पण कानाला तो कोमल ग आहे. म्हणजे एकाच कॉर्डमध्ये खाली शुद्ध ग आणि वर कोमल ग! त्याला कोमल ग न म्हणता शार्प९ म्हणतात, कारण ग ची खुर्ची भरलेली आहे. एका कॉर्डमध्ये प्रत्येक अक्षराला एकच जागा, म्हणून आगंतुकाला शेजारच्या रे च्या नावावर बसवलं.

आणि पहिली तार. तिथे सी९ मध्ये तिसऱ्या फ्रेटला प आहे. करंगळीने पाचवा फ्रेट धरा, ध मिळाला, सी१३ झाली : क्ष ३ २ ३ ३ ५. पंचम गेला, बेसवाल्यांनी सांगितल्याप्रमाणेच.

नवशिकी_औंध

९ झाला, १३ झाला. ११ कुठे गेला?

कॅपो_दुसऱ्यावर

११ वर थोडं थांबूया, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

फक्त दोन बोटं वापरा. मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तो ई, म्हणजे ग. पहिलं बोट पहिल्या तारेवर पहिल्या फ्रेटला, तो एफ, म्हणजे वरचा म. दोन्ही तारा एकदम छेडा. टोचतं ना? ग आणि म यांच्यात अर्ध्या सुराचं अंतर, आणि म एक सप्तक वर नेला तरी ते टोचणं जात नाही. म्हणून शुद्ध ग असलेल्या कॉर्डमध्ये शुद्ध म सहसा घेत नाहीत. १३ वाजवतानाही मधला ११ गाळतात. कागदावर 'सी११' असेल तर बहुतेक वेळा ग गाळून वाजवतात, म्हणजे ती प्रत्यक्षात सी९ सस४ होते. काही जण तीच जी मायनर ७ खाली सी, अशी तिरक्या रेघेने लिहितात. रेघेच्या वर कॉर्ड, खाली बेसचा सूर. माझ्या मते तीच लिहिण्याची पद्धत चांगली, वाजवणाऱ्याला शंका राहत नाही.

मायनरमध्ये ही अडचण नाही. कोमल ग आणि म यांच्यात पूर्ण सुराचं अंतर आहे, म्हणून मायनर ११ फार मोकळी वाजते. ए मायनर ११ : ५ क्ष ५ ५ ३ क्ष. ही एकदा वाजवाच.

आता तेच दोन बोटांचं परत करा, पण पहिल्या तारेवर एक फ्रेट वर, एफ शार्प. टोचणं गेलं. वर उजेड पडल्यासारखं वाटतं. तो शार्प११, आपला तीव्र मध्यम.

तानपुरा_आणि_मी

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण तीव्र मध्यमाचं नाव आल्यावर राहवेना. मी गाते, गिटार येत नाही.

वर ताईंनी शिडी लावली, ती तीव्र म घेऊन लावा. सा ग प नी रे तीव्र म ध. सातही सूर आले आणि कुणी कुणाला टोचत नाही. हे सात सूर यमनचे आहेत. तुमच्या भाषेत ती मेज१३ शार्प११ होईल ना? पेटीवर तर काळी पट्टी लागतही नाही. पांढरी चार हा सा धरला की सगळ्या पांढऱ्या पट्ट्या यमनच्या.

आणि ताईंच्या यादीतली दुसरी कॉर्ड, ६/९, मी कागदावर लिहून पाहिली. सा ग प ध रे. हा तर भूप!

आता माझी शंका, आणि ती मी मनापासून मांडते. यमनमध्ये नी-रे-ग अशी वाट आहे, सा टाळून चढायचं आहे, कुठे थांबायचं ते ठरलेलं आहे. सगळे सूर एकदम छेडले की ती वाट राहत नाही. वर दोन गंधारांची कॉर्ड सांगितली. जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, पण शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना. एकामागून एक आल्यामुळेच त्या कोमल गंधाराचा अर्थ लागतो. दुसरं म्हणजे तुमच्या फ्रेटवरचा गंधार आमच्या कानाला चढा लागतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याहून खाली असतो. तेव्हा सूर तेच असले तरी भूप आणि ६/९ ही एकच गोष्ट आहे असं मला म्हणवत नाही.

पांढरी_चार

तुमचं म्हणणं मान्य आहे. हिशेबाने फ्रेटवरचा गंधार सा पासून ४०० सेंट्सवर (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट्स) असतो आणि स्वयंभू गंधार सुमारे ३८६ वर. १४ सेंट्सचा फरक, आणि तानपुऱ्यावर घडलेल्या कानाला तो लगेच कळतो. पेटीलाही हाच दोष आहे, आणि मी आयुष्यभर तीच वाजवत आले. कॉर्ड म्हणजे राग नव्हे, हे अगदी खरं. पण ज्याला सरगम येते त्याला कॉर्डचं नाव वाचायला नवीन भाषा शिकावी लागत नाही, एवढाच माझा मुद्दा. भूप माहीत असलेल्या माणसाला ६/९ पाठ करावी लागत नाही.

बेसवाला

भूपचा विषय निघाला म्हणून सांगतो. गिटारच्या मोकळ्या तारा ई ए डी जी बी ई. जी ला सा धरा : ध रे प सा ग ध. सहाच्या सहा तारा भूपच्या आहेत. काहीही न धरता हात फिरवला तरी भूपचे सूर वाजतात.

आता गंमत अशी की या मोकळ्या तारांना नाव काय द्यायचं ते गिटारवाला ठरवत नाही. धागाकर्ते, रविवारी सकाळी घरी आहात का? मी पिंपरीत राहतो. बेस घेऊन येतो. लिहून सांगण्यापेक्षा ऐकलेलं बरं.

सहावी_तार

या या, नक्की या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पोहे माझ्याकडे.

कॅपो_दुसऱ्यावर

कट्ट्याचा वृत्तान्त इथे टाका.

सहावी_तार

वृत्तान्त देतो.

बेसवाले पिंपरीहून मेट्रोने आले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून वनाझला उतरले. पाठीवर बेस, हातात छोटा ॲम्प. दिवाणखान्यात गालिच्यावर बसलो. ते म्हणाले, डाव्या हाताने काहीही धरू नका, फक्त चार मात्रांनी एकदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवा, बाकी माझ्यावर सोडा.

त्यांनी पहिल्यांदा ई वाजवला. आवाज गंभीर, थोडा उदास. म्हणाले, ही ई मायनर ११, फक्त ९ नाही तिच्यात. मी परत तारा छेडल्या, त्यांनी जी दिला. उदासपणा गेला! तारा त्याच, माझा हात तोच, पण आता घरी आल्यासारखं वाटलं. ही जी६/९, तानपुरावाल्या ताईंचा भूप. मग त्यांनी ए दिला, आणि सगळं अधांतरी लटकलं, कुठेतरी जायचंय पण अजून निघालो नाही असं. त्यात ग नाहीच, ए पासून मोजलं तर डी हा म आहे. म्हणून ए९ सस४.

शेवटी सी. सी हा सूर माझ्या एकाही तारेत नाही. तो खालून आला आणि खोली मोठी झाल्यासारखी वाटली. त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, आता तुम्ही नाव सांगा.

मी वही घेतली. सी हा सा. मग ई म्हणजे ग, जी म्हणजे प, बी म्हणजे शुद्ध नी, डी म्हणजे रे, तो ९. ए म्हणजे ध, आणि नी आहे म्हणून ६ नाही, १३. एफ नाही, म्हणजे ११ गाळलेला आहे, टोचणारा तोच होता. "सी मेज१३," मी म्हटलं. तक्ता न बघता काढलेलं हे माझं पहिलं नाव. त्यांनी बेस खाली ठेवून माझ्याशी हात मिळवला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं की हा एकच आवाज चार वेळा का बदलला. मी तिला पेटी काढून दाखवलं. ती आता रोज संध्याकाळी पांढरी पाचवर भूप वाजवते आणि मी मोकळ्या तारा छेडतो.

तालमीत परवा सी९ नीट वाजली. काकांनी या वेळी हात वर केला नाही, मान हलवली. आता त्यांनी नवीन कागद दिलाय, त्यात एका जागी 'बी मायनर ७ फ्लॅट५' आणि तिच्यापुढे 'ई७ फ्लॅट९' आहे. पहिलीचे सूर मी काढले : बी, डी, एफ, ए. बरोबर आहेत का? म्हणजे हीच ती नी वरून लावलेली शिडी, जिचा पंचम खाली येतो?

कॅपो_दुसऱ्यावर

अगदी बरोबर, हीच ती. आता ई७ फ्लॅट९ चे सूर काढा, मग ए मायनरला जा, आणि कोणता सूर कुठे उतरतो ते लिहा. एफ वर नजर ठेवा.